खिशातले गाणे आणि कर्त्याचे नाव

(१)

माध्यमांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा मोठ्या यंत्रांपासून सुरुवात करतो. मुद्रणयंत्र, ग्रामोफोन, नभोवाणी, बोलपट, दूरदर्शन ही त्याची ठरलेली क्रमवारी. या क्रमवारीत ज्याला जागा मिळालेली नाही असे एक अल्पायुषी यंत्र शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या दोन ग्रामीण तालुक्यांत साधारणपणे २००६ ते २०१३ या काळात खिशाखिशांतून वावरत होते. त्याला कोणी एमपीथ्री म्हणत, कोणी नुसते 'प्लेअर' म्हणत. अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची कांडी, एका टोकाला संगणकात खोचायची पट्टी, दुसऱ्या टोकाला इअरफोनचे छिद्र आणि आत एक बारीक सेल, असे त्याचे रूप होते. पुढे त्याहूनही स्वस्त प्रकार आला. तो काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा, शर्टाला चिमट्याने अडकवण्याजोगा असे. त्यात स्वतःची साठवण काहीच नसे. नखाएवढे मेमरी कार्ड वेगळे विकत घेऊन घालावे लागे. असा प्लेअर दीड-दोनशे रुपयांत मिळे. त्यावर कंपनीचे नाव नसे, आणि असलेच तर ते एखाद्या प्रसिद्ध नावाची नक्कल असे.

या यंत्राविषयी स्मरणरंजन करावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मराठीच्या अभ्यासकाला त्याच्या इतिहासात दोन प्रश्न दिसतात आणि ते दोन्ही आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडतात. गाणे ऐकणाऱ्याच्या मालकीचे झाले, तेव्हा गाणे करणाऱ्याचे नाव कोठे गेले, हा पहिला प्रश्न. आणि ज्या समाजांची गाणी शतकभर इतरांनी टिपून घेतली, त्या समाजांच्या हाती टिपण्याचे साधन आले तेव्हा काय घडले, हा दुसरा.

(२)

पहिल्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीच्या वतीने कलकत्त्यास आलेल्या फ्रेड गैसबर्गने गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. त्या काळच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. गाण्याच्या अखेरीस गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारीत, ही गोष्ट संगीतरसिकांना परिचित आहे. त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत असत आणि तेथील कारागिरांना भारतीय आवाजांत भेद करता येत नसे. नाव आवाजातच गोवलेले असले म्हणजे लेबल चुकण्याचा संभव कमी. कारण काहीही असो, आपल्याकडील ध्वनिमुद्रणाचा आरंभ हा नाव उच्चारण्याच्या रिवाजापासून झाला, एवढे लक्षात ठेवावे. मात्र ते नाव गाणाराचे होते. पद रचणाराचे नव्हते.

ग्रामोफोन ही आपल्या या भागात तुरळक घरांतली वस्तू राहिली. गाणे खऱ्या अर्थाने गावात आणले ते नभोवाणीने, आणि नभोवाणीला वाडीपर्यंत पोहोचवले ते ट्रान्झिस्टरने. मुंबई केंद्र १९२७ च्या जुलैमध्ये सुरू झाले. विजेवाचून चालणारे, खांद्याला अडकवून शेतावर नेता येणारे ट्रान्झिस्टर गावोगाव दिसू लागायला मात्र त्यानंतर चाळीसेक वर्षे जावी लागली. रेडिओ ठेवण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे, ही आठवण आमच्या आधीच्या पिढीची. आकाशवाणीने एक मोठे काम केले, ज्याची साहित्याच्या इतिहासात पुरेशी नोंद झालेली नाही. प्रत्येक गीताच्या आधी किंवा नंतर निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगत. ज्याने मराठी कवितेचे पुस्तक कधी हातात धरले नाही, त्यालाही गदिमा, शांता शेळके, पी. सावळाराम ही नावे ठाऊक असत, ती या निवेदनामुळे. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे केंद्रावरून वर्षभर आठवड्याला एक या क्रमाने 'गीतरामायणा'ची छप्पन गीते प्रसारित झाली, तेव्हा माडगूळकर आणि सुधीर फडके ही नावे घराघरांत गेली ती याच वाटेने.

त्यानंतरची पायरी कॅसेटची. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ती प्रथम आणली आणि १९८० च्या दशकात भारतात तिचा अक्षरशः पूर आला. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात मांडलेले प्रतिपादन महाराष्ट्रालाही लागू पडते. कॅसेट काढण्याचा खर्च कमी असल्यामुळे बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली. प्रादेशिक, जातीय, स्थानिक गाण्यांना बाजारात जागा मिळाली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज, भीमगीते, कोळीगीते, आगरी गीते हे सारे कॅसेटवरून खेड्यापाड्यांत पोहोचले. पौषात भरणाऱ्या म्हसेच्या यात्रेत बैलबाजार आणि घोंगड्यांच्या पालांशेजारी कॅसेटची दुकाने लागत. कॅसेटच्या डबीत घडी घातलेला एक कागद असे. त्यावर बारीक टाइपात गीतकाराचे, संगीतकाराचे, कोरसमध्ये गाणाऱ्यांचे, क्वचित ढोलकीवाल्याचेही नाव छापलेले असे. आमच्यापैकी अनेकांनी लहानपणी जो मजकूर पुनःपुन्हा वाचला, त्यात या कागदाचा क्रम पाठ्यपुस्तकानंतर लगेच लागतो. ग्रंथाला जशी शीर्षकपृष्ठाची मागची बाजू, तसा हा कॅसेटचा कागद होता.

(३)

एमपीथ्री हे यंत्राचे नाव नव्हे, ते ध्वनी साठवण्याच्या एका रीतीचे नाव आहे. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत घडवली. १९९२-९३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली आणि १४ जुलै १९९५ रोजी तिच्या फायलींना आज परिचित असलेले तीन अक्षरांचे शेपूट लावण्याचे ठरले. तिचे तत्त्व सोपे आहे. मोठ्या नादाच्या सावलीत त्याच्या जवळपासचा बारीक नाद कानाला ऐकू येत नाही. मग तो नाद साठवण्यासाठी जागा कशाला खर्चावी? सीडीवर दर सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट्स लागतात. एमपीथ्रीच्या सर्वसाधारण रूपात १ लाख २८ हजारांत काम भागते, म्हणजे अकराव्या हिश्शात. या हिशेबाने एक मिनिटाच्या गाण्याला साधारण एक मेगाबाइट जागा पुरते आणि एक गिगाबाइटच्या कार्डात सतरा तास मावतात. साठ मिनिटांच्या सतरा कॅसेटी नखावर येऊन बसल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

ही काटकसर फुकटची मात्र नव्हती. ध्वनीचे लहान लहान तुकडे करून त्यांवर ही प्रक्रिया होते. त्यामुळे एकाएकी होणाऱ्या आघाताची चूक त्या तुकडाभर, आघाताच्या आधीच्या क्षणांतही पसरते. टाळ, झांज, घुंगरू यांचे नाद म्हणूनच कमी दर्जाच्या फायलीत चिरकल्यासारखे ऐकू येतात. भजनाचा सराव असलेल्या माणसाला ते लगेच खटकते. दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय आहे. ही रीत घडवताना ब्रांडेनबुर्ग यांना सर्वांत अवघड गेले ते सुझान व्हेगा या गायिकेचे वाद्यांवाचून गायलेले एक गीत. स्त्रीचा एकटा, उघडा आवाज. त्याला वाद्यांची सावली नाही आणि त्यामुळे चूक लपायला जागाही नाही. या तपशिलाकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

१९९८ साली दक्षिण कोरियातील सेहान कंपनीने 'एमपीमॅन' आणि अमेरिकेत डायमंड कंपनीने 'रिओ' हे खिशात मावणारे प्लेअर आणले. त्यांची साठवण ३२ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची. 'रिओ'विरुद्ध अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने खटला भरला आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयात ती हरली. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलचा आयपॉड आला. परंतु शहापूर-मुरबाडशी ज्याचा संबंध आहे तो इतिहास आयपॉडचा नाही. चीनमध्ये, विशेषतः झुहाई येथील ॲक्शन्स या कंपनीच्या चिपांवर, जे नाव-गाव नसलेले प्लेअर लाखांनी तयार झाले, त्यांचा तो आहे. ॲपलने २००६ मध्ये चिमट्याचा 'शफल' काढला आणि त्याच्या नकला काही वर्षांतच कल्याणच्या फुटपाथवर व तेथून आमच्या बाजारपेठांत आल्या.

(४)

या तालुक्यांची परिस्थिती ध्यानात घेतल्याशिवाय त्या स्वस्त वस्तूचे महत्त्व कळणार नाही. तानसा, भातसा, मोडकसागर या जलाशयांतून शहापूर तालुका मुंबईला पाणी पुरवतो आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हे नेहमी सांगितले जाते. विजेची कथा याहून फार वेगळी नव्हती. २००५ नंतरची काही वर्षे राज्यात भारनियमनाची होती आणि त्याचा मोठा वाटा ग्रामीण भागाने सोसला. दूरदर्शन संच किंवा टेपरेकॉर्डर घरात असूनही तासन्‌तास मुका. अशा वेळी एका बारीक सेलवर आठ-दहा तास चालणारा प्लेअर ही चैन राहिली नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. भट्टीवरच्या झोपडीत वीज नसे, पण पोरांच्या गळ्यात प्लेअर दिसे.

प्लेअरमध्ये गाणी 'भरून' घ्यावी लागत. हे क्रियापद मला फार बोलके वाटते. पाणी भरतात, धान्य भरतात, तशी गाणी भरणे. एसटी स्थानकाजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत एक संगणक असे. वीस-पंचवीस रुपये दिले की दुकानदार कार्डात गाणी उतरवून देई. ग्राहक सांगे, 'थोडी हळदीची टाका, थोडी भीमाची, दोन-चार भजनं, बाकी हिंदी.' ही मागणी नीट ऐकली तर तिच्यात त्या माणसाचे गाव, जात, वय आणि त्या महिन्यातले कार्य इतके सगळे सापडे. हा व्यवहार कायद्याने चोरीचा होता, याविषयी संदिग्धता नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली तो गुन्हाच ठरतो आणि त्याची झळ बड्या कंपन्यांहून अधिक बसली ती कार्यक्रमाच्या ठिकाणी स्वतःच्या कॅसेटी विकून चार पैसे मिळवणाऱ्या शाहिरांना व गायकांना.

स्वस्त प्लेअरला बहुधा पडदा नसे. 'पुढचे' आणि 'मागचे' अशी दोनच बटणे. शिवाय तो गाणी नावाच्या क्रमाने वाजवीत नसे. ज्या क्रमाने ती कार्डावर उतरली, त्याच क्रमाने वाजवी. परिणामी दुकानदाराच्या हाताने पडलेला क्रम हाच ऐकणाऱ्याच्या मनात कायमचा ठसे. हे गाणे संपले की ते लागणार, ही अपेक्षा इतकी पक्की होई की एकच गाणे अन्यत्र ऐकले तरी मन पुढच्याची वाट पाही. मी स्वतः 'गीतरामायण' अशा प्लेअरवर ऐकले आहे. फायली रोमन अक्षरक्रमाने उतरल्या होत्या. त्यामुळे सेतुबंधनाचे गीत सीतास्वयंवराच्या आधी लागे आणि त्या अनुक्रमाची मला इतकी सवय झाली की पुस्तक उघडल्यावर वाल्मीकीचीच मांडणी विस्कळीत वाटू लागली. संहितेचा क्रम हा संहितेच्या अर्थाचा भाग असतो, हे वर्गात शिकवणे सोपे. ते असे अनुभवाला आल्यावर निराळे कळते.

ऐकण्याची सामाजिक रीतही पालटली. कसाऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलगाड्यांत भजनी मंडळांची परंपरा आहे. डब्यात बसलेल्या सर्वांना ते भजन ऐकावे लागते, आवडो वा न आवडो. त्याच डब्यात कानात तारा घातलेली मुले दिसू लागली, तेव्हा जुन्या प्रवाशांना तो उद्धटपणा वाटला. रेडिओ आणि टेप ही घराची मालमत्ता होती आणि काय लावायचे हे घरातला कर्ता पुरुष ठरवी. एका खोलीच्या घरात सात माणसांमध्ये राहणाऱ्या मुलीला स्वतःच्या पसंतीचे काही ऐकण्याची मुभा तोपर्यंत कोणत्याच माध्यमाने दिली नव्हती. आमच्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते, की रात्री सगळे झोपल्यावर पांघरुणात प्लेअर लावला की ते घर तिला मोठे वाटते. समूहातून एकटेपणाकडे झालेल्या या प्रवासाविषयी आपण समीक्षक मंडळी हळहळतो. त्या हळहळीत हे पांघरुणातले एकटेपणही मोजायला हवे.

(५)

आता कर्त्याच्या नावाचा प्रश्न. एमपीथ्री फाइलमध्ये मुळात नाव लिहिण्याची सोयच नव्हती. १९९६ साली एरिक केम्प याने ती काढली. फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइट्सची एक चिठ्ठी जोडायची. तिच्यात शीर्षकासाठी तीस अक्षरे, कलावंतासाठी तीस, संग्रहाच्या नावासाठी तीस, वर्षासाठी चार, टिप्पणीसाठी तीस आणि गीतप्रकारासाठी एक बाइट. या रचनेकडे साहित्याच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावे. 'कलावंत' एकच. गीतकारासाठी रकाना नाही, संगीतकारासाठीही नाही. अक्षरे रोमन, देवनागरीला तेथे प्रवेश नव्हता. गीतप्रकारांची जी मूळ यादी होती तिच्यात ऐंशी प्रकार होते, पण 'लोकसंगीत' हा त्यांत नव्हता. तो एका संगणक-प्रणालीच्या कर्त्यांनी नंतर ऐंशींच्या पुढे जोडला. अभंग, ओवी, लावणी, पोवाडा यांची तर गोष्टच सोडा. १९९८ नंतरच्या सुधारित चिठ्ठीत गीतकाराला स्वतंत्र जागा मिळाली. पण टपरीवरच्या घाईत ती भरणार कोण, आणि पडदा नसलेल्या प्लेअरवर ती वाचणार कोण?

कॅसेटचा कागद गेला, आकाशवाणीचा निवेदक गेला, आणि पाच-सात वर्षांत गीतकार नावाची व्यक्ती ऐकणाऱ्याच्या जाणिवेतून जवळजवळ पुसली गेली. २०१० च्या सुमारास पदवीच्या वर्गात भावगीत हा विषय शिकवताना हा फरक आम्हांला स्पष्ट दिसला. मुलांना चाल माहीत असे, आवाज ओळखता येई. शब्द कोणाचे, हा प्रश्न त्यांना अनपेक्षित वाटे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. कायदा कर्त्याच्या हक्काची नोंद घेत होता, त्याच वेळी त्याचे नाव श्रोत्यांच्या विस्मृतीत जात होते.

या पार्श्वभूमीवर आपल्या परंपरेतील एक जुनी युक्ती नव्याने उमगते. ती म्हणजे नाममुद्रा. वारकरी संतांनी अभंगाच्या अखेरच्या चरणात स्वतःचे नाव गुंफले. हा केवळ संकेत किंवा नम्रतेचा आविष्कार आहे, असे आपण शिकवतो. पण तोंडातोंडी पसरणाऱ्या रचनेचे शीर्षकपृष्ठ हरवणारच, हे ज्याला ठाऊक आहे त्याने नाव रचनेच्या बाहेर न ठेवता आत ठेवले, असाही त्याचा अर्थ लावता येतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीतेही जलशांतून, गायन पार्ट्यांतून गावोगाव पसरली आणि त्यांतही शेवटी 'वामन' येतो. टपरीवर भरलेल्या कार्डातल्या पाचशे गाण्यांत ज्यांच्या कर्त्यांची नावे शाबूत राहिली, ती बव्हंशी अशी मुद्रा असलेली गाणी होत. तुकोबांची मुद्रा सोळाशे मेगाबाइटच्या गर्दीतही ऐकू येत होती. आधुनिक भावगीतकाराचे नाव, ज्याची सारी मदार छापील कागदावर होती, ते नाहीसे झाले होते.

अर्थात मुद्रेलाही मर्यादा आहेत. ती कोणालाही आपल्या रचनेत घालता येते, आणि नामदेव व विष्णुदास नामा यांच्या अभंगांची सरमिसळ सोडवताना अभ्यासकांना किती कष्ट पडले हे आपण जाणतोच. शिवाय मुद्रा घालण्याचा अधिकार सर्वांनी घेतला नाही. जात्यावरच्या ओवीत भावाचे नाव येते, लेकाचे येते, विठ्ठलाचे येते. ओवी रचणारीचे सहसा येत नाही. तिच्या ओवीची वही नसते, कॅसेट नसते आणि मुद्राही नसते. यातूनच दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते.

(६)

ठाणे जिल्ह्यातील आदिवासी व शेतकरी समाजांची गाणी आणि बोली टिपण्याचा उद्योग जुना आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये या समाजांची वर्णने आहेत; ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला; ल. ना. चापेकरांचा सह्याद्रीतील ठाकरांवरचा इंग्रजी ग्रंथ १९६० चा. या सर्वांत टिपणारा बाहेरचा आणि गाणारा आतला, हे नाते कायम राहिले. कांडीच्या आकाराच्या स्वस्त प्लेअरमध्ये मात्र एक छोटा मायक्रोफोन बसवलेला असे. विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ता नसे. ज्यांना लागला, त्यांच्या हाती प्रथमच स्वतःच्या घरातला आवाज स्वतः टिपण्याचे साधन आले.

२००९ साली आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी असा प्लेअर घेऊन आला. आदल्या आठवड्यात वर्गात महदंबेचे धवळे शिकवून झाले होते. तेराव्या शतकातील या महानुभाव कवयित्रीने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी गायलेली ही गीते मराठीतील आद्य स्त्रीरचना म्हणून आपण शिकवतो. तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, आमच्याकडे धवले अजून म्हणतात. माझी आजी धवलारीण आहे. ऐकता का?"

आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारणीच्या गाण्याने चालतात. वारल्यांत धवलेरी हेच काम करते. मांडव, हळद, तेलवण, प्रत्येक टप्प्याला तिचे गीत असते. पुरोहिताचे काम करणारी ही बाई निरक्षर असली तरी तिच्याजवळ तासन्‌तासांची संहिता कंठगत असते. मी इअरफोनचे एक टोक कानात घातले. आवाज खरखरीत होता, जुन्या टेलिफोनमधून यावा तसा. साथीला वाद्य नव्हते. मधूनच कोंबडा आरवला, कोणी तरी भांडे ठेवले. आजी थांबली नाही. सुमारे चाळीस मिनिटांचे ते ध्वनिमुद्रण होते. शिक्षक खोलीत आम्ही दोघे-तिघे ते उभ्याउभ्याच ऐकत राहिलो आणि पुढच्या तासाची घंटा झाली.

मी ती फाइल विभागाच्या संगणकावर उतरवून घेतली आणि त्याला सांगितले, "आता काळजी करू नकोस, माझ्याकडे प्रत आहे." संगणकावर ती उघडली नाही. या स्वस्त प्लेअरमध्ये आवाज 'ॲक्ट' नावाच्या एका खास पद्धतीने साठवला जाई. ती फाइल नेहमीच्या कोणत्याही प्रणालीत वाजत नसे. ती बदलून देणारी प्रणाली प्लेअरच्या खोक्यात मिळणाऱ्या छोट्या तबकडीवर असे आणि ती तबकडी बहुतेक जण खोक्याबरोबर फेकून देत. हे मला तेव्हा माहीत नव्हते, आणि माहीत करून घेण्याची निकडही मला वाटली नाही. परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली. उन्हाळ्यात विभागाचा संगणक बदलला आणि जुन्यातले काय ठेवायचे हे विचारले गेले, तेव्हा मला ती फाइल आठवली नाही. विद्यार्थ्याने त्याच उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नासाठी प्लेअर पुसून त्यात हळदीची तयार गाणी भरून घेतली. सरांकडे प्रत आहे, या भरवशावर. पुढच्या वर्षी आजी गेली. तो प्रत मागायला आला, त्या दिवशीचे बोलणे येथे लिहिण्याजोगे नाही. त्याने मला दोष दिला नाही, एवढेच सांगतो.

महानुभावांच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी त्या पंथाबाहेरील अभ्यासकांना खुल्या झाल्या. पण मधली शतके त्या लिप्यांची किल्ली जपणारा पंथ जिवंत होता, म्हणूनच त्या पुढे उघडता आल्या. आमच्या संगणकावरची ती फाइलही एका लिपीतच बंद होती. तिची किल्ली एका फेकून दिलेल्या तबकडीवर होती आणि ती जपणे हे ज्याचे काम होते त्याने ते केले नाही. सुझान व्हेगाचा एकटा आवाज नीट ऐकू यावा म्हणून एर्लांगेनच्या प्रयोगशाळेत किती परिश्रम झाले, ते वाचताना मला प्रत्येक वेळी हा दुसरा एकटा आवाज आठवतो.

(७)

या यंत्राचा काळ लवकर संपला. मेमरी कार्ड घालता येणारे चिनी मोबाइल एव्हाना आलेच होते. ओळख-क्रमांक नसलेल्या हँडसेटना १ डिसेंबर २००९ पासून देशात बंदी झाली, तरी गाणी वाजवणारा स्वस्त फोन ही कल्पना रुजून गेली होती. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि गाणी भरून घेण्याची गरजच उरली नाही. २०१७ मध्ये फ्राउनहोफरने एमपीथ्रीच्या परवान्यांचा कार्यक्रम बंद केला. त्याच वर्षी सारेगामाने पाच हजार गाणी आधीच भरलेला 'कारवां' बाजारात आणला, जो मुख्यतः जुन्या रेडिओची आठवण जपणाऱ्यांनी घेतला. २०२२ च्या मे महिन्यात ॲपलने आयपॉडचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. टपऱ्यांवर आता मोबाइलचे कव्हर आणि काचा विकतात.

टिपण्याचे साधन प्रत्येकाच्या हाती असणे आणि टिपलेले टिकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी संस्था लागते आणि शिस्त लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे काम उभे केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि २०१७ पासून 'परी'च्या संग्रहातून त्या सर्वांना ऐकता येऊ लागल्या. ते मोठेपण केवळ संख्येचे नाही. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. ओवीत जी मुद्रा नव्हती, ती त्यांनी बाहेरून जोडून दिली.

आमच्या विभागात आम्ही गेली काही वर्षे एक साधा नियम पाळतो. विद्यार्थी घरच्या, पाड्यावरच्या कोणाचेही गाणे फोनवर टिपून आणतात. सुरुवातीला गाणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या तोंडाने आपले नाव, गाव, गाणे कोणाकडून शिकले ते आणि त्या दिवसाची तिथी किंवा तारीख सांगायची. हे चिठ्ठीत लिहायचे नाही, आवाजातच ठेवायचे. फाइल कोणत्याही यंत्रात वाजते ना, हे त्याच दिवशी तपासायचे आणि तीन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवायच्या. बायका आधी लाजतात. "माझं नाव कशाला, गाणं तर सगळ्यांचंच," असे म्हणतात. मग मुले आग्रह करतात आणि त्या नाव सांगतात. पुष्कळदा नवऱ्याचे नाव न घेता, आधी माहेरचे आणि मग सासरचे.